ऑस्ट्रेलियाचा ‘रियल लाइफ’ हा बँड एकाच गाण्यावर जगला का?

बऱ्याच अंशी हो, पण ते एक गाणं दोनदा हिट झालं!

मेलबर्नचा हा बँड. डेव्हिड स्टेरी गायक, तर रिचर्ड झाटोर्स्की कीबोर्ड आणि व्हायोलिन वाजवायचा. 1983 साली आलेलं ‘सेंड मी अॅन एंजल’ जर्मनीत आणि न्यूझीलंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत मात्र 29 वर अडकलं. गंमत पुढेच आहे. 1989 मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली आणि ती अमेरिकेत 26 पर्यंत पोचली, म्हणजे मूळ गाण्यापेक्षाही वर. असं भाग्य फार थोड्या गाण्यांच्या वाट्याला येतं.

पण ‘कॅच मी आय’म फॉलिंग’ला विसरू नका. तेही अमेरिकेत पहिल्या चाळिसात होतं, आणि मला विचाराल तर चालीला तेच सरस आहे. दोन्ही गाणी ‘हार्टलँड’ या पहिल्या अल्बममधली. 1985 च्या ‘फ्लेम’ला तेवढं यश नाही मिळालं.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘हार्टलँड’पासूनच करा, आणि ‘एंजल’ची 1983 चीच आवृत्ती आधी ऐका.