सह्याद्रीतला अनुभव बव्हेरियात चालतो का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी म्युनिकला मास्टर्स करतेय, मूळची संगमनेरची. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड झालेत, तेही भर पावसात. आता जूनमध्ये वर्गातली पोरं इथल्या आल्प्समधल्या हेर्झोगश्टांड ते हाईमगार्टन या दोन शिखरांचा एका दिवसाचा हाइक करू म्हणतायत. फोटोत मधली धार फारच अरुंद दिसते. मला जमेल का? साधे स्पोर्ट्स शूज चालतील? आणि वर व्हेज काय मिळतं? आई रोज फोनवर "नको जाऊस" करतेय.

उत्तर: जमेल गं. हेर्झोगश्टांड 1731 मीटर, हाईमगार्टन 1790, आणि आपली कळसूबाई 1646, त्यामुळे रतनगडाच्या शिड्या चढलेल्या पोरीला चढाचं टेन्शन नको. मला खटकलं ते तुझं "भर पावसात". आपल्याकडे पाऊस पडला की ट्रेकचा सीझन सुरू, तिकडे पावसाचा अंदाज दिसला की प्लॅन कॅन्सल! उन्हाळ्यात सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर गडगडाट हे आल्प्समध्ये नेहमीचंच, आणि ही धार पूर्ण उघडी, काही ठिकाणी धरायला लोखंडी दोर लावलेत, विजा चमकायला लागल्या की तोच दोर सगळ्यात धोक्याचा.

त्यामुळे पहाटेच निघा, ट्रेनने कोखेल आणि पुढे बसने वाल्खेनझे तलावाकडे, डॉइचलँड तिकीट (लोकल ट्रेन-बसचा महिन्याचा पास) असेल तर दोन्हीकडे चालतं. हेर्झोगश्टांडच्या माथ्यावर थांबून ठरवा, ढग काळवंडले असतील, धार ओली असेल, कोणी दमलं असेल तर सरळ मागे फिरा, तिथून जवळच खाली यायला रोपवे पण आहे. मात्र हे निघायच्या आधीच ग्रुपमध्ये बोलून ठेव, कारण वर पोचल्यावर "एवढं आलोय तर जाऊ की" सुरू होतं आणि मग कोणी ऐकत नाही.

वाटेतल्या पिवळ्या पाट्यांवर जे तास लिहिलेले असतात त्यात जेवण, फोटो, धापा टाकणं काहीच धरलेलं नसतं, तेव्हा तुमचा वेळ त्याहून जास्तच धरा. पाटीवरचा वाटेचा रंग पण बघ, निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड.

शूज म्हणशील तर ग्रिप झिजलेले अजिबात नकोत. आपला बेसाल्ट बुटाला धरतो, तिथली चुनखडी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेली असते आणि ओली झाली की साबण. जूनच्या सुरुवातीला सावलीच्या बाजूला कधीकधी बर्फही उरलेला असतो.

डोंगरावरच्या हॉटेलात केझेश्पेट्झले नावाचा चीजवाला प्रकार बहुतेकदा मिळतो, पण त्यात अंडं असतं, काइझरश्मार्न या गोड पॅनकेकमध्येही असतं, वेटर व्हेजच म्हणणार! अंडं खात नसशील तर पोळी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ने. कॅश ठेव, बऱ्याच ठिकाणी कार्ड घेत नाहीत.

आईला वाट कुठली आणि परत कधी येणार ते मेसेज करून ठेव, पण रेंज गेली की फोन लागणार नाही हेही आधीच सांग, नाहीतर ती इकडे देव पाण्यात घालून बसेल. इमर्जन्सीला 112. फोन लागलाच नाही तर टॉर्चने किंवा शिट्टीने मिनिटात सहा वेळा खूण करायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. आणि वाल्खेनझेहून परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच बघून घे, ती चुकली तर टॅक्सीला चिकार पैसे जातात.