घटस्फोटानंतर खचलेल्या बहिणीला ‘ॲडव्हेंचर थेरपी’ कॅम्पला पाठवावं का?

तुम्ही विचारलंय की घटस्फोटानंतर बहीण गप्प गप्प असते आणि इंदूरचा एक ग्रुप बायकांना दोन दिवस इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात नेतो, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) वगैरे, रात्री शेकोटीभोवती मन मोकळं करायचं, ह्याला ते थेरपी म्हणतात, तर पाठवू का. मी इथेच काउन्सेलिंग करते, बायकांच्या ट्रेकनाही जाते, म्हणून लिहितेय.

डोंगरात चालून बरं वाटतं, त्यात वाद नाही. पण माझ्याकडे आलेली बाई नको झालं तर उठून घरी जाते, चोरलच्या जंगलातून संध्याकाळी कुठे जाणार? गाडी त्यांची, फोनला रेंज नाही. म्हणून तिथे नाही म्हणायची सोय आधीच हवी. ह्या क्षेत्रात ‘चॅलेंज बाय चॉइस’ म्हणतात, म्हणजे किती करायचं, कुठे थांबायचं ते करणाऱ्यानेच ठरवायचं. आपल्याकडे काय, ती कड्यावर थरथरतेय आणि खालून सगळ्या टाळ्या पिटतायत, "हो जाएगा दीदी, हो जाएगा!" आता ती कशी नाही म्हणेल?

हार्नेसचंच बघा, म्हणजे दोराला जोडायचा कमरेचा-मांड्यांचा पट्टा. पट्टा मांडीला घट्ट आवळावा लागतो, सैल चालतच नाही, आणि आवळणारा बहुतेक वेळा पुरुष. घरात मार खाल्लेल्या बाईला न विचारता असा हात लागला तर काय होत असेल? आधी सांगा, पट्टा तिलाच ओढू द्या, मग विचारून तपासा. बाई इन्स्ट्रक्टर असेल तर उत्तमच.

शेकोटीचं मला जास्त टेन्शन. इंदूरचं मराठी जग एवढंसं, रामबागेतली गोष्ट दुपारपर्यंत सुदामा नगरला पोचते, आणि इथे रात्री रडलेली बाई सकाळी रीलमध्ये, म्युझिकसकट! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. थेरपीचे पैसे घेता तर तो पाळा, नाहीतर सरळ पिकनिक म्हणा, मीपण येईन.

सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे म्हणत असतील तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया, तिथे त्यांची नोंदणी असते) रजिस्ट्रेशन नंबर मागा. रात्री कोणाला पॅनिक अटॅक आला तर जवळ कोण बसणार, मध्येच परतायचं तर गाडी मिळेल का, घरी आल्यावर फोन कोण उचलणार, हेही विचारा. पावसाळ्यात नेत असतील तर पाण्याचंही, 2011 च्या जुलैत इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला एकदम लोंढा येऊन माणसं वाहून गेली होती.

आणि बहीण स्वतः हो म्हणालीये का? तुमच्या प्रश्नात ते कुठे दिसलं नाही.