एचआरला सांगितलं, पण तक्रार कुठे आहे?

प्रश्न : सुपर कॉरिडॉरवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे. टीम लीड रात्री-बेरात्री व्हॉट्सअॅपवर माझ्या दिसण्यावरून, कपड्यांवरून लिहीत असतो. एचआरला तोंडी सांगितलं, तर 'बघतो' म्हणाले. अप्रेझल त्याच्याच हातात. सासूबाई म्हणतात, नोकरीच बदल. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नोकरीचं नंतर बघू, आधी तारखा बघा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत द्यावी लागते. प्रकार चालूच असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी कंपनीतली समिती आणखी 3 महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. एचआरच्या कानावर घातलेली गोष्ट तक्रार ठरत नाही, आणि प्रकरणं मुरतात ती इथेच.

तक्रार अंतर्गत समितीच्या नावाने लिहा. 10 किंवा अधिक माणसं असलेल्या ऑफिसात ही समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. ही माहिती दर्शनी भागात लावायची असते. दिसत नसेल तर मेल टाकून विचारा, म्हणजे विचारल्याची नोंद राहील.

तक्रारीच्या 6 प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. 'तो नेहमी त्रास देतो' असं मोघम लिहू नका. अमुक तारखेला, रात्री पावणेबाराला, हा मेसेज, शब्दशः. नंबर सेव्ह केलेला असला की स्क्रीनशॉटवर फक्त नाव येतं, म्हणून कॉन्टॅक्टच्या पानाचाही स्क्रीनशॉट काढा. चॅट एक्स्पोर्ट करा, मूळ चॅट मात्र पुसू नका. कंपनीच्या चॅटवरही काही असेल, तर ते जपून ठेवायला समितीला लेखी सांगा. राजीनाम्यानंतर तुमचं लॉगिन बंद होतं. नोकरी सोडूनही तक्रार करता येते, मुदत तीच.

अप्रेझलची काळजी रास्त आहे. चौकशी चालू असेपर्यंत तुमच्या कामाचं मूल्यमापन दुसऱ्याकडे द्यावं, अशी शिफारस समिती करू शकते. बदली किंवा हक्काच्या रजेखेरीज 3 महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते. पण हे लेखी मागावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

पुढे 7 कामकाजी दिवसांत टीम लीडला तक्रारीची प्रत जाते, 10 कामकाजी दिवसांत त्याचं उत्तर येतं आणि 90 दिवसांत चौकशी संपवायची असते. वकील कोणालाच आणता येत नाही. समेट तुम्ही मागितला तरच, आणि तोही पैशांवर नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. या भीतीनेच बऱ्याच जणी गप्प बसतात.

प्रश्न : आमच्या विजयनगरच्या ऑफिसात आम्ही सातच जण. त्रास मालकाचाच आहे.

उत्तर : मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. ती कुठे बसते ते मोती तबेल्याच्या कलेक्टर ऑफिसात विचारा, किंवा केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर तक्रार नोंदवा. मुदत इथेही 3 महिनेच, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.