रंकाळ्यावर संध्याकाळनंतर मुलीला एकटीने निवांत बसता येते का?

तुम्ही शिवाजी विद्यापीठात शिकायला येणार आहात आणि दिवेलागणीनंतर रंकाळा तलावावर एकटीने बसता येईल का, असे विचारले आहे. फिरता येईल, हे मी कोल्हापूरचीच असल्यामुळे खात्रीने सांगते. बसण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल.

चौपाटीवर अंधार पडल्यावरही बायकांची चांगली वर्दळ असते. पण नीट पाहिले, तर प्रत्येकीजवळ तिथे असण्याचे काहीतरी कारण दिसते: कुणी झपाझप फेऱ्या मारत असते, कुणी लेकराला भेळ भरवत असते, आणि एकटीच टेकलेली मुलगी उगाचच मोबाईल कानाला लावून असते. शेजारीच कठड्यावर पाय सोडून बसलेल्या पोरांना असले कारण लागत नाही. तालमीचा कट्टा, चहाची टपरी, गंगावेशीतला दूध कट्टा यांचे कौतुक आम्ही पाहुण्यांना ऐकवतो. तिथे बहुतांशी पुरुषच असतात, एवढे सांगायचे राहून जाते.

याउलट नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा निघते, तेव्हा रस्त्यांवर बायका एवढ्या संख्येने असतात की, ‘एवढ्या रात्री कुठे निघालीस?’ असे कुणी कुणाला विचारत नाही. म्हणूनच ‘सातच्या आत घरी ये’ हा सल्ला मला उलटा वाटतो, कारण एक घरी बसली की बाहेर राहिलेली दुसरी आणखी एकटी पडते. (स्वच्छतागृहाचा प्रश्न वेगळाच; ते जवळ नसेल, तर कितीही निर्धास्त बाई तासाभरात उठते.)

तेव्हा अवश्य बसा. सुरुवातीला खाद्यपदार्थांच्या गाड्यांजवळ, उजेडात बसा. कुणी पाठलाग केला तर 112 वर फोन करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे पाठलाग हा गुन्हा असून, तो कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता कोणत्याही पोलीस ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते, आणि ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. विद्यापीठ शहराच्या पूर्वेला आणि रंकाळा पश्चिमेला असल्यामुळे परतीच्या केएमटीची (शहर बसची) वेळ आधीच विचारून ठेवा. वसतिगृहाचे फाटक किती वाजता बंद होते, हेही प्रवेश घेण्यापूर्वी विचारा. बऱ्याच जणींच्या संध्याकाळची मर्यादा तिथेच ठरते.