पानं कुरतडतंय कोण?

प्रश्न : ताई, आमचं घर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आहे. हॉलच्या खिडकीपाशी सिंगोनियमची कुंडी आहे. पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी पानांना नवी भोकं दिसतात. दोन पानांच्या तर नुसत्या शिरा उरल्यात. दिवसा शोधलं तर एकही किडा सापडत नाही. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडतात, खाली फरशीवर काळे दाणे पडतात. सासूबाई म्हणतात, पालीची घाण आहे. कडुनिंबाचं तेल मारून झालं. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी फवारणी थांबवा आणि ते दाणे झाडून टाकू नका, उत्तर त्यांच्यातच आहे. पालीची लेंडी लांबट असते आणि तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. तुमचे दाणे आखूड, हिरवट-काळे आणि पांढऱ्या टोकाशिवायचे असतील तर ती अळीची विष्ठा. ओल्या कागदावर दाणा चुरडून पाहा, हिरवट डाग उमटला तर शंकाच नको. पाल पानं खात नाही, उलट किडेच खाते. तिला हाकलू नका, एवढं सासूबाईंना माझ्या वतीने सांगा. माश्याही निर्दोष आहेत. त्यांच्या अळ्या सतत ओल्या राहणाऱ्या मातीत वाढतात, म्हणजे तुमचं पाणी जास्त होतंय.

माझा संशय स्पोडोप्टेरावर आहे. सोयाबीन, कापूस, अळू सगळं फस्त करणारी ही अळी शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची. तिचा पतंग रात्री दिव्याकडे येतो, उघड्या खिडकीतून आत शिरतो आणि पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने अंडी घालतो. त्या पुंजक्यावर पिवळट-तपकिरी केसांची लव असते. लहान अळ्या पान खरवडतात, तेव्हा ते कागदासारखं पारदर्शक दिसतं. भोकं पडतात ती मोठ्या अळ्यांमुळे. या मोठ्या अळ्या दिवसा मातीत दडतात, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही.

आज रात्री जेवणं उरकल्यावर टॉर्च घेऊन पानांची खालची बाजू बघा. कुंडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी दाणे जिथे पडलेले असतील, त्याच्या बरोबर वरची फांदी तपासा. मग चमच्याने वरची बोटभर माती हलकेच उकरा. राखाडी-तपकिरी, पाठीवर काळ्या खुणांच्या जोड्या असलेली अळी वेटोळं करून पडलेली सापडेल. लालसर तपकिरी कोषही मातीतच असतात, तेही काढा. सगळं साबणाच्या पाण्यात टाका.

दाणे नसून पानांवर, कुंडीच्या कडेला वाळलेली चमकदार रेघ दिसली, तर मात्र ती गोगलगाय. तिला उचलताना हातमोजे घाला. पिठ्या ढेकणाचा विचारही करू नका, तो रस शोषतो, भोकं पाडत नाही.

एका कुंडीसाठी मी औषध मारणार नाही, हाताने वेचणंच पुरेसं. अळ्या फारच असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक संध्याकाळी फवारा. ते लहान अळ्यांवरच नीट चालतं. सिंगोनियमच्या चिकाने खाज सुटते, म्हणून खराब पानं कापल्यावर हात धुवा. खिडकीला जाळी मात्र याच आठवड्यात लावून घ्या.