मॅचला सगळेच येतात, मंगळवारच्या प्रॅक्टिसचं काय?

ताई, नमस्कार. आम्ही बोस्टनजवळ राहतो, मूळचे सांगलीचे. धाकटा मुलगा ८ वर्षांचा, गेल्या वर्षी त्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला, त्यातला ए.एल.एल. हा प्रकार. आता मेंटेनन्स, म्हणजे इलाजाचा शेवटचा लांबचा टप्पा चालू आहे. हॉस्पिटलच्या सोशल वर्करने टीम इम्पॅक्ट म्हणून एक संस्था आहे त्याबद्दल सांगितलं, ते आजारी मुलांना जवळच्या कॉलेजच्या टीममध्ये मानद मेंबर करून घेतात, आमच्यासाठी बेसबॉलची टीम बघितलीय. मिस्टर म्हणतात आपल्याला कुणाची दया नको. सासूबाई इथेच आहेत, त्या म्हणतात एवढ्या गर्दीत पोराला नेऊ नका, दृष्ट लागते. मला स्वतःला भीती वाटते की चार दिवस कौतुक होईल आणि मग मुलं आपापल्या मार्गाला लागतील, हा मात्र वाट बघत बसेल. व्हिडिओ कॉलवर एका प्लेयरने त्याला विचारलं की जर्सीवर नंबर कुठला पाहिजे, तर हा लगेच म्हणाला ४५, रोहितचा. कॉल संपल्यावर किती तरी महिन्यांनी स्वतःहून टोपी काढून आरशात बघत होता. काय करू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या आरशापाशी थांबले. हो म्हणा. पण हो म्हणायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्या, त्या खाली सांगतेच.

आधी तुमच्या मिस्टरांचं. दया नको हे त्यांचं म्हणणं मला अगदी मान्य आहे, म्हणूनच ही कल्पना मला आवडते, कारण नीट केली तर यात दया नसते. याची सुरुवात बघा. २००५ साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या लॅक्रॉस टीमने, म्हणजे जाळीच्या काठीने बॉल झेलायचा-फेकायचा तो खेळ, जॅकलिन मर्फी नावाच्या न्यूयॉर्कच्या छोट्या मुलीला आपल्यात घेतलं. तिला आदल्या वर्षी मेंदूत ट्यूमर निघाला होता. त्या सीझनला ती टीम एकही मॅच न हरता नॅशनल चॅम्पियन झाली आणि जॅकलिन त्यांच्यातलीच एक होती. पुढे तिच्या वडिलांनी फ्रेंड्स ऑफ जॅकलिन ही संस्था काढली, आणि २०११ मध्ये तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्येच टीम इम्पॅक्ट सुरू झाली, आता अमेरिकाभर हजारो मुलं त्यांच्यामार्फत कॉलेजच्या टीममध्ये गेलीत. साधारण ५ ते १६ वयाची मुलं घेतात, घरच्यांना पैसे पडत नाहीत, आणि मूल टीममध्ये येतं ते सही करून, कॅप घालून, टेबलामागे बसून, मोठ्या खेळाडूंचं जसं असतं अगदी तसं. मिस्टरांना त्या सहीच्या दिवशी समोर उभं करा, बाकी मी काही सांगायची गरज नाही.

आता तुमची भीती, आणि मला विचाराल तर खरा प्रश्न तोच आहे. नेब्रास्काच्या जॅक हॉफमनचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, ६ एप्रिल २०१३, सात वर्षांचा मुलगा, मेंदूचा कॅन्सर, २२ नंबरची जर्सी, नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडून साठ हजार लोकांसमोर बॉल घेऊन ६९ यार्ड पळत शेवटच्या रेषेपलीकडे जातो, म्हणजे टचडाऊन करतो आणि अख्खी टीम त्याला खांद्यावर उचलून घेते. जगभर फिरला तो व्हिडिओ. पण लोकांना जे कमी माहीत आहे ते हे, की ती २२ नंबरची जर्सी त्याच टीमच्या रेक्स बर्कहेड या खेळाडूची होती आणि त्याची आणि जॅकची दोस्ती त्याच्या दीड वर्ष आधी, २०११ मध्येच झालेली होती. म्हणजे पळणं नंतर आलं, आधी जेवणं, फोन, गप्पा. जॅक गेला २०२५ च्या जानेवारीत, एकोणीस वर्षांचा होऊन. मला त्या ६९ यार्डांपेक्षा ते आधीचं दीड वर्ष मोठं वाटतं, आणि तुमच्या मुलासाठीही मी तेच मागेन.

म्हणून हे विचारा: मॅचच्या दिवशी सगळेच येतील, पण मंगळवारच्या साध्या प्रॅक्टिसला हा आला तर त्याच्यासाठी काय काम आहे? टीम इम्पॅक्टचा कार्यक्रम साधारण दोन वर्षांचा असतो, त्यांचा माणूस घरच्यांशी आणि टीमशी दोन्हीकडे संपर्कात असतो, आणि टीममधली काही मुलं ही जबाबदारी नावाने घेतात. त्या मुलांची नावं विचारून घ्या, त्यातली कितीजण पुढच्या वर्षी ग्रॅज्युएट होणार तेही विचारा, आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की अमुक दादा मे महिन्यात कॉलेज संपवून जाणार आहे. मुलांना कुणी जाण्यापेक्षा न सांगता गायब होण्याचा त्रास जास्त होतो, आणि आजारी मुलांनी तर ते खूप बघितलेलं असतं, शाळा सुटते, बर्थडेची बोलावणी बंद होतात, मित्रांच्या आया घाबरून फोन करत नाहीत, त्यांचं चुकतं असंही नाही पण पोर एकटं पडतं ते पडतंच.

मी काही वर्षं परळला लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात समुपदेशनाचं काम केलं. तिथे बीडचा एक दहा वर्षांचा मुलगा होता. रात्री नऊच्या सुमाराला राउंड उरकला की एक रेसिडेंट डॉक्टर कॉरिडॉरमध्ये त्याला बॉलिंग टाकायचा, बॉल म्हणजे क्रेप बँडेजची गुंडाळी, स्टंप म्हणजे सलाईनचा रिकामा स्टँड. सहा-सहा बॉल फक्त. पण तो मुलगा, ज्याच्या मागे आई ताट घेऊन फिरायची, तो आठ वाजता आपणहून जेवून बसायचा, कारण मॅच आहे. आणि संध्याकाळी सिस्टरला पहिला प्रश्न, आज ड्युटीवर कोण? ज्या दिवशी त्या डॉक्टरची सुट्टी असायची त्या दिवशी तो आदल्या रात्री याला सांगून जायचा. एवढंच होतं सगळं, फोटो नाही की पेपरात बातमी नाही.

सासूबाईंच्या बोलण्यातली गर्दीची बाजू मात्र खरी आहे, ती सोडू नका. डॉक्टरांना विचारा की काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, किती असताना स्टेडियमला न्यायचं आणि किती असताना नाही, ओपन ग्राउंड आणि बंद जिम यात फरक करा, टीमला सांगून ठेवा की ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने त्या दिवशी जवळ यायचं नाही आणि कुणाच्या घरी कांजिण्या निघाल्या तर तुम्हाला लगेच कळवायचं. छातीत पोर्ट, म्हणजे औषध द्यायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी, असेल तर बॉल कुठल्या अंतरावरून, कसला, हे कोचशी आधी बोला. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने पायातली ताकद जाऊ शकते, पाऊल अडखळतं, तेव्हा पळायला लावू नका, त्याला स्कोअर लिहू दे, टॉसला जाऊ दे. आणि स्टेरॉइडच्या आठवड्यात त्याला राग येईल, रडू येईल, रात्री दोनला वरणभात मागेल, तर त्या आठवड्यात कार्यक्रम ठेवू नका, किंवा ठेवलात तर टीमला आधी सांगा की आज तो बोलणार नाही, नुसता बाजूला बसेल. चांगली टीम असेल तर चालतं त्यांना.

आणि सगळ्यात आधी त्यालाच विचारा. ४५ नंबर त्याने मागितला म्हणजे त्याचं उत्तर मला दिसतंच आहे, पण फोटो टाकायचे की नाही, डोक्यावर टोपी ठेवायची की नाही, हे त्याचं त्याने ठरवू दे. ए.एल.एल. मध्ये तिकडे आज दहातली नऊ मुलं बरी होतात, तो मोठा होणार आहे, आणि आठव्या वर्षीचे आपले फोटो कुणी कुणी बघावेत यावर उद्या त्याचं काही म्हणणं असू शकतं.

ताई, मी नाशिकला कॉलेजला आहे, आमची कबड्डीची टीम आहे. अमेरिकेत कॉलेजच्या टीम आजारी मुलांना आपल्यात घेतात हे वाचून आम्हाला पण कॅन्सर असलेल्या एखाद्या मुलाला टीममध्ये घ्यायचंय. कुठून सुरुवात करू?

खूप बरं वाटलं वाचून. डायरेक्ट वॉर्डात जाऊ नका. जवळच्या हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा आणि त्यांना विचारा की तुम्हाला काय हवंय, आम्हाला काय द्यायचंय ते नंतर बोलू. आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे, इलाजासाठी माणसं गाव सोडून येतात, विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून, आणि सहा-आठ महिने परक्या शहरात एका खोलीत काढतात. सेंट ज्यूड इंडियासारख्या संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना फुकट राहायला जागा देतायत, सुरुवात मुंबईतूनच झाली. १९९६ पासून मेक-अ-विश इंडिया मुलांच्या इच्छा पूर्ण करते, ते काम पण मोठं आहे, पण ती एक इच्छा असते, एक दिवस असतो, तुम्ही जे म्हणताय ते वेगळं आहे. तुम्ही टीममध्ये घेतलेला मुलगा इलाज संपल्यावर गावी जाईल, तेव्हा नातं फोनवर चालवायची तयारी हवी.

कबड्डीत धूळ आणि झटापट, म्हणजे मॅटवर त्याला उतरवता येणार नाही, प्लेटलेट्स कमी असताना साधा धक्काही महागात पडतो. पण रेडरचे तीस सेकंद मोजायला कुणीतरी लागतंच ना, ते घड्याळ त्याच्या हातात द्या, आणि प्रॅक्टिसमध्ये तो शिट्टी वाजवेल तेव्हा खरंच थांबा. केक, फुगे, कापलेली फळं नेऊ नका, बऱ्याच मुलांना बाहेरचं चालत नाही. दोघं-तिघंच जा, दहा जण नको. आणि आधी बसून एकमेकांना स्पष्ट विचारा, परीक्षा आली तरी कोण जाणार? मूल जास्त आजारी झालं, किंवा गेलं, तर आपण पळून जाणार नाही ना? त्यासाठी सरांना किंवा एखाद्या समुपदेशकाला आधीच सोबत घ्या. अमेरिकेतल्या टीमनाही हे दुःख चुकलेलं नाही, त्यातले खेळाडू एकोणीस-वीस वर्षांचेच असतात, तुमच्याएवढे.

ताई, मी टेक्सासला राहते, १५ वर्षांची आहे. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे म्हणून आजी लिहून देतेय. माझ्या भावाला इथल्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मुलींनी टीममध्ये घेतलंय. त्यांना त्याचा आवडता पिझ्झा पण माहितीये. मला माझं नाव पण कुणी विचारलं नाही. पोर्टमध्ये सुई टोचायच्या आधीचं ते बधिर करायचं क्रीम त्याला मीच लावते. मला राग येतो आणि मग वाईट वाटतं.

बाळा, आजीजवळ हे बोललीस आणि आजीने ते जसंच्या तसं लिहिलं, दोघींचं मला खूप कौतुक वाटतं. राग येण्यात वाईट काहीच नाही. घरात एक मूल आजारी असलं की दुसरं मूल न सांगता मोठं होऊन बसतं, आणि सगळे म्हणतात किती समजूतदार आहे. तुझ्या भावाच्या टीमशी जो संस्थेचा माणूस बोलतो त्याला आईकडून मेसेज करायला सांग की त्याच्या ताईला पण प्रॅक्टिसला यायचंय. त्या मुलींना तू दिसली नाहीस याचा अर्थ तू नकोशी आहेस असा नाही, त्यांना कुणी सांगितलं नसेल. तू तिथे गेलीस की स्वतःच नाव सांग, आणि क्रीम कोण लावतं तेही सांग.

आणि आजी, हे तुमच्यासाठी: पुढच्या वेळी ते क्रीम बाबांना लावू दे, आणि तेवढा वेळ हिला घेऊन तुम्ही बाहेर चक्कर मारून या.