मराठीतून खेळायच्या फँटसी खेळात बार्बेरियन क्लास कसा बसवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रांसाठी घरच्या घरी नियम बसवताय, जग सह्याद्री-कोकणासारखं आहे, पण बार्बेरियन क्लास, म्हणजे चिडून लढणाऱ्या योद्ध्याचा पात्रप्रकार, काही केल्या 'राग आला, हाणलं' याच्या पुढे सरकत नाही. आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला, रविवारी दुपारी खेळतो. या एका क्लासची इतकी मोडतोड केलीय की गप्प बसवत नाही.

आधी नाव. 'रानटी' तेवढं ठेवू नका. ग्रीकांना परक्यांची बोली 'बर-बर' अशी ऐकू यायची, त्यातून 'बार्बेरियन' हा मूळ शब्द आला. थोडक्यात, शिवीच. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली, सगळ्या क्लासेसमध्ये एकट्या बार्बेरियनला लिहिता-वाचता येत नाही असं धरलेलं होतं. येऊरचे आदिवासी पाडे आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. हा नियम जसाच्या तसा उचलला तर टेबलावरचा 'अडाणी' कोणासारखा बोलायला लागेल, ते मी ऐकलंय. मजा नाही आली.

त्याआधीचा, १९८५ सालचा, या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सचा बार्बेरियन तर आणखी अवघड. त्याला जादूचं वावडं, आणि जादूच्या वस्तू फोडल्या की अनुभवाचे गुण मिळायचे. म्हणजे मित्राच्या खिशातली अंगठी फोडायचं बक्षीस! असा गडी घेऊन चार जणांनी प्रवास कसा करायचा?

आता रागाचं बघा, खरी गोम तिथे आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलला दिवसातून दोनदा रेज, म्हणजे चिडून लढायची शक्ती, मिळतो. मिनिटभर टिकतो, घावाला २ जास्त, तलवार-भाला-गदेची इजा निम्मी. आकडे चोख आहेत, पण राग म्हणजे बटण झालंय. खेळाडू हिशोब करतो, 'आत्ता चिडू की पुढच्या खोलीसाठी ठेवू?' चिडायला आलेला माणूस काटकसर करत बसतो. त्यात एका फेरीत कोणावर हल्ला केला नाही आणि मारही खाल्ला नाही, तर रेज उतरतो. आमचा गडी एकदा पुलापलीकडच्या धनुर्धराकडे धावत सुटला आणि पोहोचेपर्यंत शांत झाला. २०२४ च्या नियमांत हे सुधारलंय, बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली जादा छोटी कृती, खर्चून रेज लांबवता येतो. बटण मात्र बटणच राहिलं.

आपल्याकडे यासाठी 'अंगात येणं' तयारच आहे, असं मला वाटलं होतं. हवं म्हणून येत नाही, नको म्हणून थांबत नाही, भोवतालच्यांनी सांभाळावं लागतं. पण आमच्यातला एक जण चेंदणी कोळीवाड्यातला. तो म्हणाला, "माझ्या आजीच्या अंगात यायचं रे, तिच्यावर फासे नको टाकूस." बरोबर होतं त्याचं. मग त्यानेच दुसरा शब्द दिला, उधाण. सगळा क्लास त्या एका शब्दावर उभा राहिला.

नियम असा. बार्बेरियनसमोर कॅरमच्या सोंगट्या. शत्रूचा घाव बसला की एक काळी पुढे सरकवायची, सोबती पडला की दोन. ही भरती. तीन झाल्या की उधाण घेता येतं. सहा झाल्या की घ्यावंच लागतं, समोर वाटाघाटी चालू असल्या तरी. उधाणात फायदे पाचव्या आवृत्तीचेच, पण दर फेरीला एक सोंगटी परत डबीत जाते. डबीत शेवटची गेली की ओहोटी. मग पुढची लढाई संपेपर्यंत धावणं नाही आणि ताकदीच्या फाशांना तोटा. सोबत्याला आपली पाळी खर्चून, नावाने हाक मारून, त्याला आधी उतरवता येतं. तेव्हा ओहोटी लागत नाही. या एका कलमामुळे बाकीचे तिघे त्याच्याकडे लक्ष ठेवून खेळायला लागले.

पहिल्याच रविवारी पळवाट निघाली. लढाईआधी टोळीतल्याच चोराने बार्बेरियनच्या कानाखाली वाजवायची, एक इजा, एक सोंगटी. तीन थपडा आणि साहेब तयार! हसून पोट दुखलं, मग लिहून ठेवलं: घाव शत्रूचाच हवा, आणि घावाची सोंगटी फेरीला एकच.

तब्येत, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, मात्र जुनीच ठेवा. बाराबाजूंचा फासा, सरासरी साडेसहा, फायटर या साध्या लढवय्या क्लासच्या साडेपाचाहून एकच जास्त. सांगाडा त्यानेच जाड वाटतो. दुसऱ्या लेव्हलचा बेफाम हल्लाही काढू नका. दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, बदल्यात शत्रूलाही तुमच्यावर तीच सवलत. वीसबाजूंच्या फाशावर अकरा किंवा जास्त लागत असतील तर निम्मी शक्यता पाऊणावर जाते. आणि आमच्या नियमात तो अंगावर घाव ओढवून घेतो, म्हणजे भरती लवकर. दोन्ही कलमं एकमेकांत आपसूक अडकली, आम्ही काही केलं नाही.

लढाईबाहेर त्याला काय काम द्यायचं, यावर अजून भांडतोय. सध्या एकच दिलंय. हवा, पाणी, जनावर बिथरण्याआधी त्याला कळतं, आणि त्यासाठी तो एक सोंगटी खर्चतो. पण लढाई नसताना सोंगट्या आणायच्या कुठून? कोळीवाडेकर म्हणतो तिथीवर द्या, अमावस्या-पौर्णिमेला दोन, अष्टमीला, म्हणजे भांगाला, एकही नाही. येत्या रविवारी करून बघणार आहोत. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, कालनिर्णय घेऊन बसावं लागेल एवढंच.